खात्यातला पैसा आपला कधी?

(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी कापसाच्या भावावर बोलणार नाही, कापसाच्या पैशावर बोलणार आहे. भाव ठरला, काटा झाला, गाडी रिकामी झाली. आता तो पैसा कोणत्या वाटेने घरी येतो, वाटेत कोण कोण बसलेले असते आणि वाटेतच तो हरवला तर भरपाई कोणी करायची, हा आजचा प्रश्न आहे. शहाणी माणसे हाच प्रश्न दुसऱ्या भाषेत विचारतात : आपल्यासारखा विकसनशील देश बिनरोखीच्या सुरक्षित व्यवहाराला तयार आहे काय?

या प्रश्नात एक मेख आहे. 'देश तयार आहे काय' असे विचारणाऱ्याच्या मनात 'खेड्यातला माणूस तयार आहे काय' असेच असते. त्याला वाचता येते का? मोबाईल कळतो का? पिन लपवता येतो का? म्हणजे परीक्षा द्यायची ती आपणच. बँकेची, यंत्र बनवणाऱ्याची आणि सरकारची परीक्षा कोणी घेत नाही. ती आज आपण घेऊ.

कापूस न पिकणारा जिल्हा

मुंबई उपनगर हाही महाराष्ट्राचा एक जिल्हाच आहे. १९९० साली तो मुंबई शहरापासून वेगळा झाला. वांद्रे, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही त्यातली ठिकाणे. तिथे कापसाचे एक बोंड पिकत नाही. पण आपल्या पैशाच्या नाड्या तिथे आहेत. शेतीकर्जाला पैसा पुरवणाऱ्या नाबार्डचे मुख्य कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. त्याच संकुलात नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन आहे. रिझर्व्ह बँक आणि बँकांची संघटना यांच्या पुढाकाराने २००८ साली ही संस्था स्थापन झाली. मोबाईलवरून पैसे पाठवायची यूपीआय पद्धत तिचीच. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईतच त्यावेळचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते ती सुरू झाली.

ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात या पद्धतीने दोन हजार कोटींवर व्यवहार झाले. रक्कम होती २४ लाख ८५ हजार कोटी रुपये. घाटकोपर स्टेशनबाहेरचा भाजीवाला आणि बोरिवलीचा रिक्षावाला चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवून पैसे घेतो. तो कुठे इंग्रजी शाळेत गेला होता? केनियासारख्या देशात तर मार्च २००७ मध्येच साध्या फोनवरून पैसे पाठवायची एम-पेसा पद्धत सुरू झाली होती. तेव्हा गरीब माणसाला हे जमत नाही, ही गोष्ट खोटी ठरली आहे.

मी कृषी पदवी घेतलेला माणूस आहे. चांगल्या वाणाला नावे ठेवणे मला जमणार नाही. पुण्यात कामाला गेलेला मुलगा बापाला घटकेत पैसे पाठवतो. बाजार समितीतून पिशवीत नोटा घेऊन रात्रीच्या एसटीने येण्याचा धोका टळतो. व्यापाऱ्याने किती दिले याची नोंद राहते. हे सगळे फायदे खरे आहेत. वाण चांगलेच आहे. प्रश्न जमिनीचा आहे.

वापसा न पाहता पेरणी

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. नोव्हेंबर म्हणजे आपल्याकडे कापूस वेचणीचा महिना. वेचणीची मजुरी बाजाराच्या दिवशी रोख द्यावी लागते. बाईला चेक देऊन तिचे मीठ-मिरची येत नाही. आणि १४ नोव्हेंबरला जुन्या नोटा घेण्याची जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना बंदी झाली. म्हणजे शेतकऱ्याची जी बँक, नेमकी तीच दाराबाहेर उभी केली गेली. बिनरोखीचा धडा आपल्याला असा शिकवला गेला.

१ डिसेंबर २०१६ रोजी ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातले धसई हे राज्यातले पहिले रोखीविना गाव म्हणून जाहीर झाले. दुकानादुकानांत कार्ड घासायची यंत्रे आली. नोटा पुन्हा मिळू लागल्यावर गाव हळूहळू रोखीकडे वळले. धसईचे लोक मागासलेले म्हणून नव्हे, तर नोट तिथल्या तिथे हातात पडते, तिला रेंज लागत नाही, म्हणून.

आता सबंध देशाचा हिशेब बघा. नोटाबंदीपूर्वी सुमारे १८ लाख कोटींच्या नोटा चलनात होत्या. मार्च २०२५ अखेर त्या दुपटीवर गेल्या. म्हणजे मोबाईलचे व्यवहारही वाढले आणि नोटाही वाढल्या. लोकांनी दोन्ही बैल गोठ्यात ठेवले. लोक शहाणेच आहेत.

भांडुप-मुलुंडचा धडा

खात्यातला आकडा म्हणजे पैसा, असे आपल्याला सांगतात. तो पैसा नाही, बँकेने दिलेला शब्द आहे. हा फरक उपनगरातल्या माणसाला २०१९ साली कळला.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे मुख्य कार्यालय भांडुपला होते. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले : सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील. बँकेच्या यंत्रणेत काहीही बिघडले नव्हते. कार्ड होते, मोबाईल होता, पिन पाठ होता. पैसा मात्र हलत नव्हता. एका बांधकाम कंपनीला दिलेली हजारो कोटींची कर्जे बँकेने एकवीस हजारांवर बनावट खात्यांच्या आड लपवली होती. ठेवीदार नऊ लाखांवर होते. काढण्याची मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. जानेवारी २०२२ मध्ये बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि पाच लाखांवरच्या ठेवी दहा वर्षांपर्यंत हप्त्याहप्त्याने द्यायचे ठरले. मुलुंडचा पेन्शनर आणि अंधेरीचा दुकानदार यांनी कोणती चूक केली होती? पिन कोणाला सांगितला नव्हता, काही नव्हते.

आपल्यालाही हे नवे नाही. नागपूर, वर्धा, बुलढाणा या जिल्हा बँकांचे ठेवीदार स्वतःच्याच पैशासाठी किती वर्षे खेटे घालत होते, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. फरक एवढाच की उपनगरातले हाल त्याच संध्याकाळी टीव्हीवर दिसले.

चोर कोणत्या दाराने शिरतो

दुसरी गोष्ट चोरीची. चोरी झाली की पहिले वाक्य ऐकू येते : 'तुम्हीच पिन टाकला ना?' दोष शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा.

एक उदाहरण घ्या. यूपीआयमध्ये दुसऱ्याकडे पैसे मागण्याची एक सोय होती. ठग फोन करायचा, 'तुमची म्हैस घेतो, आगाऊ रक्कम पाठवतो, फक्त पिन टाका.' पिन टाकला की पैसे यायच्या ऐवजी जायचे. वर्षानुवर्षे लोक लुटले गेले आणि वर्षानुवर्षे लोकांनाच 'जागरूक राहा' म्हणून सांगितले गेले. मग नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने परिपत्रक काढले आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे असे पैसे मागण्याची सोय बंद केली. ते दार त्या कार्यालयातल्या एका निर्णयाने बंद झाले. लोक एका रात्रीत साक्षर झाले नव्हते. दारच उघडे होते. कुंपण मोडले असताना रान चरले म्हणून राखणदाराला मारायचे, असा हा न्याय होता.

आणि नुकसान कोणी सोसायचे, ते बघा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत चोर शिरले आणि दोन दिवसांच्या कारवाईत ९४ कोटींवर रक्कम गेली. तेव्हा बँकेने ठेवीदारांना सांगितले, तुमच्या खात्याला धक्का लागलेला नाही. ते योग्यच झाले. मग शेतकऱ्याच्या खात्यातून बारा हजार गेले तर तो एकटा का?

याचा नियम आहे, पण तो आपल्याला कोणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही तसाच नियम लावला. चूक बँकेची असेल तर ग्राहकाचे नुकसान शून्य. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा चोरीची तक्रार बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत केली, तरीही शून्य. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा बोजा बँकेवर. ही ओळ घरी जाऊन भिंतीवर लिहून ठेवा. 'तुम्हीच पिन दिला असेल' एवढे म्हणून साहेबाला सुटता येत नाही.

पण या नियमात भोकही आहे. पिन तुम्ही स्वतः टाकलात, फसवून का होईना, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान तुमचे. ठगाचा सगळा धंदा याच भोकातून चालतो.

आपल्या चुकाऱ्याचे काय?

२०२५-२६ च्या हंगामात हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. कापूस महामंडळाला हमीभावाने माल द्यायचा तर 'कपास किसान' या मोबाईल ॲपवर नोंदणी लागली. चुकारा आधारला जोडलेल्या खात्यात. ठीक. पण आधार अनेक बँकांत दिलेला असतो. पैसा जातो तो शेवटी जोडलेल्या खात्यात. कोणी कधी गॅसच्या अनुदानासाठी, कोणी बचतगटासाठी खाते उघडलेले असते. पासबुक कुठे आहे तेही आठवत नाही. शेतकरी एका बँकेत रांग लावतो आणि पैसा दुसऱ्या बँकेत पडलेला असतो.

अंगठ्याचेही तसेच. नांगर धरून, पऱ्हाटी उपटून बोटांच्या रेषा झिजतात. यंत्र म्हणते, हा माणूस तो नव्हेच!

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे होल्ड. पीककर्ज थकले की बँक खाते गोठवते. अतिवृष्टीची मदत किंवा विम्याची रक्कम आली, तरी हातात येत नाही. मदतीचा पैसा कर्जात वळता करू नका, असे आदेश सरकारला पुन्हा पुन्हा काढावे लागतात, यातच सगळे आले. १९७२ साली एकाधिकार खरेदी आली, तेव्हाही चुकाऱ्यातून सोसायटीचे कर्ज परस्पर कापले जायचे. तेव्हा कागदावर कापत, आता कळ दाबून कापतात. नोटेचा एक गुण असा की ती एकदा हातात आली की तिच्यावर होल्ड लावता येत नाही. शेतकरी रोख मागतो, तो करचुकवा म्हणून नव्हे. आधी काय भागवायचे, मजुरी, बियाणे, लेकीची फी की बँकेचा हप्ता, हे ठरवण्याचा त्याचा हक्क नोटेत शाबूत राहतो, म्हणून मागतो.

कोणी म्हणेल, पुढारलेले देश रोख सोडत आहेत. स्वीडनने जवळजवळ सोडली होती. त्याच स्वीडनच्या सरकारी यंत्रणेने नोव्हेंबर २०२४ मध्ये संकटकाळासाठी घरोघरी पुस्तिका पाठवली आणि त्यात सांगितले, आठवडाभर पुरेल इतकी रोकड घरात ठेवा. आपल्याकडे २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय काही तास अडले, तेव्हा ज्याच्या खिशात नोट होती त्याचा चहा चुकला नाही.

मग उत्तर काय?

यंत्र तयार आहे. माणूसही तयार आहे. हमी तयार नाही. म्हणून या मेळाव्यापुढे चार मागण्या ठेवतो.

एक : खरेदीनंतर ठरलेल्या मुदतीत चुकारा खात्यात आला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे व्याज मिळाले पाहिजे. आपल्या कर्जाला व्याज लागते, तसे आपल्या पैशालाही लागावे.

दोन : हमीभावाचा चुकारा, पीकविमा आणि आपत्तीची मदत यांवर कोणत्याही बँकेला होल्ड लावता येऊ नये; शेतकऱ्याच्या सहीशिवाय एक रुपयाही वळता होऊ नये.

तीन : फसवून पिन टाकायला लावले, तरी लहान रकमेचे नुकसान आधी बँकेने भरावे, मग चोराला शोधावे. भुर्दंड ज्याला बसतो तोच कुंपण मजबूत करतो.

चार : रोख की खाते, हा पर्याय शेतकऱ्याचा राहावा आणि तालुक्याच्या बाजारगावी रोकड देणारी शाखा बंद होऊ नये.

सरकार ऐकेपर्यंत गावात करायची कामेही सांगतो. आपले आधार कोणत्या खात्याला जोडले आहे, हे हंगामाआधी बँकेत विचारून पासबुकावर लिहून घ्या. आधारचे अंगठ्याचे कुलूप लावून घ्या आणि लागेल तेव्हाच उघडा. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली फाईल उघडू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे घरातल्या म्हातारीलाही सांगा. पैसे गेले तर लाजून गप्प बसू नका; त्याच तासाला १९३० वर फोन करा आणि बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. ज्याला लिहिता येत नाही, त्याची तक्रार शेजाऱ्याने लिहावी.

आपल्या घामाच्या पैशाची वाट आपल्याला ठाऊक असली पाहिजे आणि त्या वाटेवर बसलेल्या प्रत्येकाला आपल्याला जाब विचारता आला पाहिजे. तो दिवस आला, की देश बिनरोखीच्या व्यवहाराला तयार झाला असे आपणच जाहीर करू. मागण्यांवर हात वर करून मत द्या आणि ठराव उद्याच आपापल्या गावी घेऊन जा.