पिशवी काढण्याआधी



घृष्णेश्वराच्या आणि मालोजीराजांच्या वेरूळात रेडिओलॉजी आणि स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्रातल्या सहकाऱ्यांचे स्वागत समितीतर्फे मनःपूर्वक स्वागत. कैलास लेणे कळसाकडून पायाकडे कोरले, हे इथे चारदोन वक्ते तरी सांगतीलच. मी ते त्यांच्यासाठी सोडतो. चौदाव्या लेण्यात मात्र जरूर जा. तिथे लेकरांसह सप्तमातृका बसल्या आहेत. या परिषदेच्या खऱ्या यजमान त्याच.

आपला विषय, गर्भाशयाच्या धमन्यांचे एम्बोलायझेशन, तसा जुना. बाळंतपणानंतरचा न थांबणारा रक्तस्राव धमनी बंद करून रोखल्याची नोंद 1979ची. गर्भाशयातल्या गाठींचा रक्तपुरवठा तोडून त्या सुकवण्याचा पॅरिसच्या डॉ. राविना यांचा अनुभव 1995 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी गर्भाशयाच्या धमन्यांपर्यंत न्यायची, त्या बंद करणारे कण सोडायचे. पोटावर टाका नाही आणि पिशवी जागेवर.

पण आपण बसलोय कुठे? शेजारच्या बीडमध्ये 2019 साली सरकारी समितीपुढे आकडा आला: 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली. पाळीमुळे खाडा झाला की मुकादमाचा दंड. अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखाना गाठला की कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायचा सल्ला. इथे एक कडू बोलतो. पांढरं जाण्यावर एम्बोलायझेशन हाही इलाज नव्हे. चाकू जाऊन कॅथेटर आला आणि घाई तीच राहिली, तर बाईच्या पदरात काय पडलं? डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत स्त्रिया तपासल्या, तेव्हा 92 टक्के जणींना स्त्रीरोग निघाले आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. हे 1989 साली छापून आलंय. आधी तपासा, सोनोग्राफी करा, गाठ आहे का पाहा. मग आपली नळी.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाची गोष्ट वेगळी. तिथे औषधं आणि गर्भाशयात घालायचा फुगा हरले की वेळ उरत नाही. सोयगावहून, वैजापूरहून रुग्णवाहिका निघते तेव्हा कॅथलॅबला कुलूप असून चालत नाही. वार गर्भाशयाच्या भिंतीत खोल रुतल्याचा संशय सोनोग्राफीत आधीच आला, तर बाळंतपण कुठे करायचं हे दिवसाउजेडी ठरवता येतं.

म्हणून यजमान या नात्याने एकच मागतो. परत जाण्याआधी प्रत्येक तालुक्यातल्या प्रसूतितज्ज्ञाने एम्बोलायझेशन करणाऱ्या एका इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचा नंबर लिहून घ्यावा, आणि त्या रेडिओलॉजिस्टने फोन मध्यरात्रीही उचलावा.