चेकबुक ठेवावें कीं टाकावें?



आजच्या कोणत्याहि सुशिक्षित घरांतील कपाट उघडून पाहिलें, तर विम्याचे व घराचे कागद, एखादी जुनी जन्मपत्रिका आणि त्यांच्याच शेजारीं एक अर्धेंमुर्धें वापरलेलें चेकबुक हमखास सांपडेल. तें कोणी टाकून देत नाहीं आणि फारसें कोणी वापरीतहि नाहीं. भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत जो तो काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन पुढें करतो आणि खिशांतल्या यंत्रावर बोट टेकवितांच पैसे एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत जातात. असें असतां तारीख घालावी, नांव लिहावें, रक्कम अंकीं व अक्षरीं मांडावी, सही करावी आणि मग तो कागद बँकेंत पोंचवावा, हा खटाटोप हवा कशाला, असें तरुण मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरतें उत्तर सांगावयाचें, तर चेकचें रोजचें काम संपलें आहे, क्वचित् प्रसंगीं त्याची गरज अजून उरली आहे, आणि एक काम मात्र त्याच्याकडून आपण कधींच घ्यावयास नको होतें.

चेक म्हणजे पैसा नव्हे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. नोट हातीं पडली कीं देणें फिटलें. चेक हातीं पडला, तर केवळ एक आज्ञापत्र हातीं पडलें. ‘माझ्या खात्यांतून अमक्याला इतके रुपये द्यावे’ अशी बँकेला केलेली ती आज्ञा असते. १८८१ सालच्या ज्या कायद्यानें आपल्याकडे चेकची व्याख्या केली, तोच कायदा, वेळोवेळीं दुरुस्त होत, आजहि चालू आहे. परंतु कागदावर पैसा चालविण्याची कल्पना कांहीं साहेबानेंच आपल्याला शिकविली असें नाहीं. आपल्या सावकारी पेढ्यांवर हुंड्या चालत होत्याच. दाखवितांच पैसे मिळावयाचे ती दर्शनी हुंडी, आणि ठरलेले दिवस भरल्यावर वटावयाची ती मुदती. रकमेंत कोणी खाडाखोड करूं नये म्हणून हुंडींत ती अंकीं-अक्षरीं लिहून शिवाय तिची निमे रक्कम लिहीत आणि ‘त्याची दुप्पट’ अशी पुस्ती जोडीत. हुंडी गहाळ झाली तर पेठ, आणि पेठहि गहाळ झाली तर परपेठ लिहून देण्याचा रिवाज होता. शहाजोग हुंडीचे पैसे तर वाटेल त्याच्या हातीं न पडतां बाजारांत पत असलेल्या शहामार्फतच मिळत. आज आपण चेकच्या कोपऱ्यांत दोन तिरप्या रेघा ओढून तो खिडकीवर रोख मिळूं नये, बँकेमार्फतच वसूल व्हावा, अशी तजवीज करतों, ती याच जातीची. पुढें मराठींत संभावितपणाचें सोंग आणणाऱ्यालाच आपण शहाजोग म्हणूं लागलों. त्यावरून जुन्या बाजारांतहि फसगत कांहीं कमी होत नसावी!

या आज्ञापत्राचें खरें वैशिष्ट्य म्हणजे लिहिणें आणि वटणें या दोहोंमध्यें राहणारा अवकाश. कागदच गांवोगांव प्रवास करीत असे तेव्हां तो अवकाश मोठा होता. मग चेक जागच्या जागीं ठेवून त्याचें छायाचित्र तेवढें पुढें धाडण्याची पद्धत रिझर्व्ह बँकेनें दिल्लींत २००८ सालीं, चेन्नईंत २०११ सालीं आणि मुंबईंत २०१३ सालीं सुरू केली. ४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याहि पुढचें पाऊल पडलें. दिवसाच्या ठरलेल्या वेळांत चेकचीं छायाचित्रें एकसारखीं पुढें जात राहावयाचीं, आणि ज्या बँकेनें पैसे द्यावयाचे तिनें संध्याकाळीं ७ च्या आंत होकार किंवा नकार कळवावयाचा. न कळविल्यास होकारच धरावयाचा, असा नियम झाला. दोनतीन दिवसांचें काम एका दिवसांत आलें.

घेणाऱ्याच्या दृष्टीनें ही सुधारणा उत्तमच; पण देणाऱ्यानें तिची नोंद अधिक काळजीपूर्वक घेतली पाहिजे. कितीएक घरांत असा हिशेब चाले कीं, आज चेक द्यावा, तो वटेतोंवर दोन दिवस जातील, तेवढ्यांत पगार खात्यांत जमा होईल. हा हिशेब आतां जमणार नाहीं. सकाळीं भरलेला चेक संध्याकाळीं परत येऊं शकतो, आणि परत आलेल्या चेकचे परिणाम काय होतात तें मी पुढें सांगणार आहें.

रोजच्या देण्याघेण्यासाठीं चेक हवा काय? नको. विजेचें बिल, मुलांची फी, वाण्याची उधारी, धाकट्या भावाला पाठवावयाचे चार पैसे, यांसाठीं चेक लिहिणें म्हणजे शेजारच्या घरीं निरोप द्यावयाला टपालाची वाट धरणें होय. २०१६ सालीं यूपीआय आलें. एनईएफटीनें पैसे पाठविण्याची सोय डिसेंबर २०१९ पासून, आणि दोन लक्ष रुपये व त्यावरील रकमा पाठविण्याची आरटीजीएसची सोय डिसेंबर २०२० पासून, रात्रंदिवस व सुटीच्या दिवशींहि मिळूं लागली. त्यामुळें मोठ्या रकमेसाठींहि चेकवांचून अडत नाहीं. शिवाय चेकचें वय आतां तीनच महिन्यांचें असतें. पूर्वीं तो सहा महिने चाले. १ एप्रिल २०१२ पासून ही मुदत निम्म्यावर आली. लग्नांत आहेर म्हणून आलेला चेक पाकिटांतच विसरून जाणाऱ्या नवदांपत्यांना ही गोष्ट कोणीं तरी सांगावयास हवी.

मग गरज उरली कोठें? जेथें घाई नको असते तेथें. दूरध्वनीवर पोलिसाचा आव आणून, धाक घालून, ‘आतांच्या आतां पैसे पाठवा’ म्हणणाऱ्या भामट्याचें सारें बळ त्या ‘आतांच्या आतां’ या शब्दांत असतें. बोटाच्या टोकानें गेलेला पैसा मागें बोलावणें अत्यंत कठीण. चेक मात्र वटण्यापूर्वीं बँकेला कळवून थांबवितां येतो. जो अवकाश व्यापाऱ्याला जाचक वाटे, तोच गृहस्थाला कधीं कधीं तारक ठरतो. तोहि आतां आक्रसत चालला आहे, हें खरें. आणि चेक म्हणजे संपूर्ण निर्धोक असेंहि कोणी समजूं नये. शाई उडवून नांव व रक्कम बदलणारे कारागीर आहेतच. म्हणूनच १ जानेवारी २०२१ पासून, ५० हजार रुपये किंवा त्याहून मोठ्या रकमेचा चेक दिल्यावर त्यावरील तारीख, नांव व रक्कम आपल्या बँकेला स्वतंत्रपणें आगाऊ कळविण्याची सोय झाली आहे. पांच लक्ष व त्यावरील चेकसाठीं तसें कळविणें सक्तीचें करण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनें बँकांना दिलेली आहे. ज्याला मोठ्या रकमेचा चेक लिहावयाचा आहे त्यानें ही सोय वापरावीच.

दुसरें स्थान दोन सह्यांचें. सहकारी गृहसंस्था, वाचनालयें, देवस्थानें, स्मारक निधि यांचा पैसा एकाचा नसतो, म्हणून तो एकाच्या हातानें जाऊं नये, हा आपल्या सार्वजनिक जीवनांतला एक शहाणा संकेत आहे. खजिनदारानें चेक लिहावा, चिटणिसानें बिल पाहून मग दुसरी सही करावी, यांत वेळ जातो. पण तो वेळ म्हणजेच तपासणी. संगणकावरहि एकानें मांडावें व दुसऱ्यानें मंजूर करावें अशी व्यवस्था करतां येते, आणि ज्या संस्थेला ती झेपते तिनें ती खुशाल करावी. मात्र दोघांचेहि परवलीचे शब्द एकाच उत्साही कार्यकर्त्याच्या वहींत लिहिलेले असले, तर तिला दोन सह्यांची व्यवस्था म्हणण्यांत अर्थ नाहीं.

आतां त्या तिसऱ्या कामाविषयीं बोलतों, कीं जें चेककडून आपण कधींच घ्यावयास नको होतें. तें काम म्हणजे तारण. कर्ज देणारा म्हणतो, ‘पुढच्या तारखांचे चेक सही करून ठेवा.’ घरमालक म्हणतो, ‘एक कोरा चेक असूं द्या, नुसता विश्वासासाठीं.’ आणि एरवीं दोन रुपयांच्या कोथिंबिरीला घासाघीस करणारा गृहस्थ रकमेची जागा मोकळी सोडून खाली सही ठोकून देतो! हें तो का करतो? कारण नुसत्या कागदाला काय होतें, अशी त्याची समजूत असते.

कायदा तसें समजत नाहीं. १ एप्रिल १९८९ पासून, खात्यांत पुरेसे पैसे नसल्यानें चेक न वटणें हा, कायदेशीर देणें फेडण्यासाठीं तो दिलेला असेल तर, फौजदारी गुन्हा ठरला. चेक परत आल्याचें बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत घेणाऱ्यानें लेखी नोटीस द्यावयाची. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत देणाऱ्यानें पैसे चुकते केले तर ठीक. नाहींतर खटला, आणि गुन्हा शाबीत झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्हीहि. चेक देणें फेडण्यासाठींच दिला होता असें कायदा आधीं गृहीत धरतो. तसें नव्हतें हें दाखविण्याचा भार सही करणाऱ्यावर पडतो. कोऱ्या चेकवर आपखुषीनें सही करून तो दुसऱ्याच्या हवालीं केला, तरी हेंच गृहीत लागू पडतें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं दिलेला आहे. रकमेचा आंकडा दुसऱ्याच्या हस्ताक्षरांत आहे एवढें म्हणून सुटका होत नाहीं. ‘पैसे देऊं नका’ असें बँकेला कळवून चेक थांबविला, तरी देणें खरें असेल तर या कलमांतून निसटतां येत नाहीं. आणि चेकऐवजीं खात्यांतून परस्पर हप्ता वळता करण्याची संमति दिली म्हणजे आपण मोकळे झालों, असेंहि नाहीं. २००७ सालच्या एका कायद्यानें, पुरेशा पैशांअभावीं तो हप्ता चुकल्यासहि अशाच शिक्षेची तरतूद केलेली आहे.

या कलमाचा हेतु चांगला होता. चेकची पत वाढावी, लोकांनीं तो निःशंकपणें स्वीकारावा, हाच तो हेतु. पण पत कायद्याच्या धाकानें किती वाढते? सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं नमूद केलेला आंकडा पाहा. ३१ डिसेंबर २०१९ रोजीं देशांत तुंबलेल्या २ कोटि ३१ लक्ष फौजदारी खटल्यांपैकीं ३५ लक्ष १६ हजार खटले या एका कलमाखालचे होते. यांत ठक असतील, तसे धंदा बुडालेले, नोकरी गेलेले, आजारपणानें खचलेले गृहस्थहि असणारच. एरवीं उसनवारीचा तंटा दिवाणी कोर्टांत गेला असता. चेकमुळें तोच माणूस आरोपी म्हणून उभा राहतो. तेव्हां कोरा चेक मागणाऱ्याला नम्रपणें नकार द्यावा; पुढच्या तारखांचे चेक द्यावेच लागले तर प्रत्येकावर घेणाऱ्याचें नांव व रक्कम स्वहस्तें भरावी, क्रमांक टिपून ठेवावे, आणि कर्ज फिटलें कीं उरलेले चेक परत मागून घ्यावे. घरांतील स्त्रियांना व प्रौढ मुलांना असे किती चेक बाहेर आहेत हें ठाऊक असावें. नोटिशींतले १५ दिवस फार लवकर सरतात.

एवढें असूनहि, सरकारनें एका फर्मानानें चेकच बंद करावा असें मी म्हणणार नाहीं. डेन्मार्कनें २०१६ च्या अखेरीस, न्यूझीलंडच्या बँकांनीं २०२१ पर्यंत चेकला निरोप दिला. इंग्लंडांतहि डिसेंबर २००९ मध्यें तेथील पेमेंट्स कौन्सिलनें २०१८ च्या ऑक्टोबरअखेर चेक बंद करण्याचें ठरविलें होतें. पण वृद्ध नागरिक आणि धर्मादाय संस्था यांच्या बाजूनें एवढी ओरड झाली कीं जुलै २०११ मध्यें तो बेत सोडून द्यावा लागला. आपल्या घरांतहि हा प्रश्न आहेच. ऐंशीच्या घरांतले वडील चेक लिहितात तेव्हां ते केवळ पैसे देत नसतात. आपल्या पैशाचा हिशेब अजून आपल्याच हातीं आहे, हें स्वतःशीं पडताळून पाहत असतात. त्यांना ‘बाबा, राहूं द्या, मी फोनवरून पाठवितों’ असें म्हणणारा मुलगा वाईट नसतो. परंतु चार वेळां असें झालें म्हणजे खातें त्यांचें आणि कारभार मुलाचा, अशी स्थिति येते, आणि मग कांहीं विचारावयाचें असलें तरी त्यांना संकोच वाटूं लागतो. त्यांना चेक लिहूं द्यावा. हात थरथरून सही बदलली असेल, तर बँकेंत नेऊन नमुन्याची नवी सही देववावी. नाहींतर चेक त्या कारणानें परत येतो आणि म्हाताऱ्या माणसाला तें फार लागतें. चेकवरील छापील मजकूर हिंदी व इंग्रजी असला, तरी तो आपल्या प्रादेशिक भाषेंत भरण्याची पूर्ण मोकळीक आहे. इंग्रजी स्पेलिंग चुकेल या भीतीनें ज्या आजीबाई चेक नातवाकडून लिहून घेतात, त्यांनीं रक्कम खुशाल मराठींत लिहावी.