सूर्यामागे फिरणारी पटले



सौर पटले सूर्याबरोबर फिरवावीत की एका जागी खिळून ठेवावीत, या विषयावर कामगार संघटनेच्या माणसाने काय बोलावे, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. आम्ही इंजिनिअर नाही. जे शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर. परंतु जे यंत्र हलते त्याला तेल लागते आणि तेल घालायला माणूस लागतो, एवढे आम्हांला पक्के ठाऊक आहे. आणि आजच्या विषयाची मेख नेमकी तिथेच आहे.

आधी मूळ गोष्ट पाहू. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकताना दिसतो. पटल खिळलेले असले की सकाळ-संध्याकाळ त्यावर ऊन तिरपे पडते. ६० अंशांनी तिरपे पडले तर थेट उन्हातली निम्मी शक्ती वाया जाते. ३० अंशांनी पडले तर मात्र तोटा १३ टक्क्यांच्या आसपास, आणि १० अंशांचा फरक राहिला तर जेमतेम दीड टक्का. म्हणजे सूर्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बसण्याची गरज नाही; सुमाराने तोंड तिकडे असले तरी भागते. हा हिशेब ध्यानात ठेवावा, पुढे तो कामाला येणार आहे.

मोठ्या प्रकल्पांत बहुधा एका अक्षाची यंत्रे असतात. दक्षिणोत्तर एक लांब नळी, तिच्यावर पटलांची रांग; सकाळी पूर्वेला कललेली, दुपारी सपाट, सायंकाळी पश्चिमेला. खिळलेल्या पटलांपेक्षा अशी रांग चांगल्या उन्हाच्या मुलखात साधारण १५ ते २५ टक्के अधिक वीज देते. दोन अक्षांची यंत्रे आणखी थोडी देतात, पण त्यांचे लचांडही तसेच वाढते. ढग दाटले की मात्र ही सारी कसरत फुकट. उजेड तेव्हा साऱ्या आभाळातून झिरपत असतो, मग तोंड कुठेही करा. म्हणून मराठवाड्यातल्या एप्रिलचा लाभ पाहून कोकणातल्या जुलैचा हिशेब मांडू नये.

ही कल्पना काल-परवाची नव्हे. कैरोजवळ मादी येथे १९१३ साली फ्रँक शुमन या अमेरिकन गृहस्थाने आरशांच्या पाच लांबलचक पन्हाळी उभारल्या होत्या, एकेक सुमारे ६२ मीटरची. त्या सूर्याबरोबर आपोआप वळत, त्यांच्या उष्णतेने वाफ होई आणि वाफेवर चालणारा पंप शेतीसाठी नाईलचे पाणी उपशी. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि तो उद्योग बारगळला. पहा, पहिली मोठी फिरणारी यंत्रेसुद्धा शेताला पाणी देण्यासाठीच होती.

आता कोणी म्हणेल, पटले इतकी स्वस्त झाली असताना ही फिरवाफिरव कशाला? चार पटले जास्त बसवा आणि मोकळे व्हा. छपरावर किंवा लहान जागेत हे म्हणणे आम्हांला मान्य आहे. पण पंपाची गोष्ट वेगळी. उन्हाचा जोर एका मर्यादेपर्यंत चढल्याखेरीज पंप पाणी वर फेकतच नाही. पटल सूर्याकडे वळलेले असेल तर ही मर्यादा सकाळी लवकर गाठली जाते आणि सायंकाळी उशिरापर्यंत टिकते. शेतकऱ्याला टक्क्यांशी कर्तव्य नाही. दांडाला पाणी किती तास चालले हे तो पाहतो.

भरवशाचा प्रश्न इथून सुरू होतो. बेअरिंग झिजते, गिअरपेटीत धूळ जाते, मोटर जळते, नियंत्रकाचा संदेश पोचत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. त्यामुळे वादळात रांगेने ठरवून दिलेल्या सुरक्षित कोनात जाऊन थांबले पाहिजे, नाहीतर नळीच पिळवटते. आणि पूर्वेकडे तोंड करून अडकलेली रांग खिळलेल्या रांगेपेक्षा वाईट, कारण दुपारनंतर ती जवळजवळ पाठच फिरवून बसते.

एका दुष्काळी तालुक्यातल्या प्रकल्पावर आम्ही कंत्राटी कामगारांच्या भेटीला गेलो होतो. दुपारचे चार वाजले होते आणि दोन रांगा पूर्वेकडे पाहत होत्या. कधीपासून, असे विचारले, एक पोरगा म्हणाला, "साहेब, पोळा झाल्यापासून." तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. तिथल्या माणसांना कामे दोनच, पटले धुणे आणि गवत कापणे. नियंत्रकाची पेटी उघडण्याची त्यांना सक्त मनाई. ती उघडणारा कारागीर परजिल्ह्यातून येणार, तोही कंत्राटदाराच्या सवडीने. त्या पोराने आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचे प्रमाणपत्र घेतले होते! वरच्या वीस टक्क्यांसाठी कोट्यवधींचे लोखंड उभे करायचे आणि ते हलते ठेवणाऱ्याला कायम करायचे म्हटले की खर्च आठवायचा. अशा यंत्राला बेभरवशाचे म्हणणे म्हणजे यंत्रावर अन्याय आहे.

याउलट शेतावरची गोष्ट. केंद्र सरकारच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने मागच्या दशकात सौर पंपांची जी मानके ठरवली, त्यांत एकसरी विजेच्या पंपाने १० मीटर उंचीवर एका वॅटमागे दिवसाला १०० लिटर पाणी द्यावे असा दंडक होता. म्हणजे ३,००० वॅटच्या पटलांना तीन लाख लिटर. मात्र तो आकडा स्वच्छ उन्हाचा आणि पटल दिवसातून तीनदा हाताने वळवण्याचा होता. सकाळ, दुपार, तिसरा प्रहर. मघाचा हिशेब आठवा, तीनदा वळवूनही बराचसा लाभ पदरात पडतो. इथे मोटर नाही, नियंत्रक नाही. एक खीळ काढायची, चौकट ढकलायची, खीळ पुन्हा घालायची. शेतात कोणी ना कोणी असतेच, बहुधा घरातली बाई. तिच्या या कामाचा मोबदला कोणत्याही कागदावर दिसत नाही, तो मुद्दा आम्ही इथे नोंदवून ठेवतो.

पण ही खीळ कशासाठी आहे, हे पुष्कळांना कोणी सांगितलेलेच नसते. ती गंजते, चौकट दक्षिणेकडे तोंड करून कायमची बसते, आणि पंप पाणी कमी देतो म्हणून ओरड होते. राज्यात २०२४ पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना आहे. सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरायचा, आणि पुरवठादाराने पाच वर्षे दुरुस्ती पाहायची. आपल्यापैकी ज्यांच्या शेतावर असा पंप बसणार असेल आणि त्याच्या सांगाड्याला वळवण्याची सोय असेल, त्यांनी बसवणाऱ्या माणसांसमोर चौकट स्वतःच्या हाताने तिन्ही दिशांना वळवून पाहावी, घरातल्या बाईलाही वळवायला लावावी, ग्रीस कुठे घालायचे ते विचारून घ्यावे, आणि मगच ताबापावतीवर सही करावी.