मैदानाबाहेरचा माणूस



आपल्या वाशिम जिल्ह्यात गावोगाव कबड्डीचे संघ आहेत. चढाई कोण चांगली करतो, हे लहान पोरही सांगेल. पण संघाची वही कोण ठेवतो? ते कुणाला ठाऊक नसते. आज मी अशाच एका न खेळणाऱ्या माणसाविषयी सांगणार आहे.

नागपूरचे एन. के. पी. साळवे हे चार्टर्ड अकाउंटंट, म्हणजे हिशेब तपासणारे. पुढे ते केंद्रात मंत्री झाले. १९८२ ते १९८५ या काळात ते भारताच्या क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते.

२५ जून १९८३ रोजी लंडनला भारताने वेस्ट इंडीजला ४३ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. सारा देश नाचला. पण खेळाडूंना मोठे बक्षीस देण्याइतका पैसा मंडळाकडे नव्हता. मग लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला. स्वतः पैसा घेतला नाही. त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले.

साळव्यांना एक गोष्ट मात्र लागली होती. अंतिम सामन्याची दोन जादा तिकिटे त्यांनी मागितली, ती मिळाली नाहीत. त्यांनी ठरवले, विश्वचषकाचे सामने आपल्या घरी भरवायचे. तोवर तिन्ही वेळा ते इंग्लंडातच झाले होते. साळव्यांनी पाकिस्तानच्या मंडळाचे प्रमुख नूर खान यांना सोबत घेतले. इतर देशांची मते मिळवली. तिकडे दिवस मोठा, आपल्याकडे लहान. म्हणून साठ षटकांची पन्नास केली. १९८७ साली दोन्ही देशांत सामने झाले. आपल्या नागपुरातही झाला. त्यात सुनील गावसकरांनी शतक काढले.

याचा आपल्याशी काय संबंध, म्हणाल? ऐका. मी मुख्याध्यापक असताना शाळेचा कबड्डी संघ घेऊन तालुक्याला गेलो. मुलांची नावे व जन्मतारखा लिहिलेला कागद आधी पाठवायचा होता. मी विसरलो. पोरं न खेळताच परत आली. एसटीत कुणी बोललं नाही. शेवटी एकाने विचारले, "गुरुजी, आमचं काय चुकलं?"

त्यांचे काहीच चुकले नव्हते. माझे चुकले होते.

मंडळी, आता तुम्हाला लिहिता येते. संघाची वही तुम्ही ठेवा. नावे, जन्मतारखा, वर्गणी, खर्च, सारे लिहा. अर्ज मुदतीत पाठवा. तुमचा कागद वेळेवर पोचला, की पोरं मैदानात उतरतील. पुढचं ती बघून घेतील.