वृद्धांचे मनःस्वास्थ्य आणि रुग्णालयाचा ताळेबंद

(संस्थेच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात, कुर्ला येथे, प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझे आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेले. तेव्हा वृद्धांच्या मनःस्वास्थ्यावर बोलण्याचा याला काय अधिकार, असा प्रश्न आपणांस पडणे स्वाभाविक आहे. तथापि रुग्णालयाची बिले ज्याच्या हाताखालून जातात, त्याला काही गोष्टी आपोआप दिसू लागतात.

उदाहरणादाखल एक नेहमीचा प्रकार सांगतो. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ छातीत धडधड होते म्हणून येतात. ईसीजी काढला जातो. महिन्याभराने पोट साफ होत नाही म्हणून सोनोग्राफी. पुढे चक्कर येते, झोप लागत नाही, म्हणून डोक्याचा सीटी स्कॅन. सर्व अहवाल नॉर्मल येतात. मुलगा सुटकेचा निःश्वास टाकतो आणि वडील मात्र अधिकच खचतात. कारण आपला त्रास आता घरात कोणी खरा मानणार नाही, हे त्यांना उमगलेले असते. आमचे डॉक्टर सांगतात की, उतारवयातील नैराश्य ‘मी उदास आहे’ असे म्हणत क्वचितच येते. ते पोटातून, पाठीतून, उडालेल्या झोपेतून, उतरलेल्या वजनातून बोलते. थायरॉइडचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव हेही असेच रूप घेऊ शकतात, म्हणून तपासण्या अनावश्यक म्हणता येत नाहीत. प्रश्न आहे तो तपासण्या संपल्यानंतरचा. तेथे आमच्याकडे बिल असते, पुढची खिडकी नसते.

हा केवळ आमच्या वह्यांतला भास नव्हे. येथून जवळच, देवनारला, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने २०१७-१८ मध्ये देशभरातील ज्येष्ठांची विस्तृत पाहणी केली व तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्नावलीच्या कसोटीवर साठीपुढील ८.३ टक्के व्यक्तींमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. तसे निदान झाल्याचे स्वतः सांगणारे होते अवघे ०.८ टक्के. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर, दहा रुपयांच्या देण्यापैकी एकच रुपया वहीत चढला आहे.

आता आपल्या कुर्ल्याकडे वळू. आजची येथील वृद्ध पिढी ही मुख्यतः कामगारांची पिढी आहे. कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून आलेली ही माणसे चुनाभट्टीच्या स्वदेशी मिलमध्ये, प्रीमियर पद्मिनी जेथे तयार होत त्या कारखान्यात, लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या लहानमोठ्या वर्कशॉपमध्ये राबली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला तेव्हा जो तिशीचा होता, तो आज सत्तरीच्या पार गेला आहे. स्वदेशी मिल २००० साली बंद पडली. पद्मिनीची शेवटची काळीपिवळी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिच्यावर लेख लिहिले; ज्यांनी ती घडवली त्यांच्यावर फारसे कोणी लिहिले नाही. भविष्य निर्वाह निधीच्या निवृत्तिवेतन योजनेत किमान रक्कम ठरली तीच मुळी २०१४ मध्ये, आणि तीही दरमहा १,००० रुपये. आयुष्यभर घर चालवलेल्या माणसाला औषधासाठी सुनेपुढे हात पसरावा लागणे, याला वैद्यकीय नाव नाही. पण त्याचा परिणाम आमच्या बाह्यरुग्ण विभागात दिसतो.

एकटेपणाविषयी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. परदेशी गेलेली मुले आणि रिकामा बंगला, हे चित्र आपल्या मनात पक्के बसले आहे. आपल्याकडचा एकटेपणा वेगळा आहे. तो २२५ चौरस फुटांच्या खोलीत सात माणसांच्या गर्दीत राहतो. पूर्वी चाळीला किंवा वस्तीला निदान ओटा होता. सकाळी ओट्यावर बसले की येणारा-जाणारा ‘काय आबा, जेवलात का?’ म्हणून विचारी. पुनर्वसनाच्या इमारतीत सातव्या मजल्यावर पक्के घर मिळाले, ही मोठी गोष्ट आहे, तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु लिफ्ट बंद पडली की आबा घरात अडकतात, आणि लिफ्ट चालू असली तरी खाली बसायला जागा असतेच असे नाही. शेजारणीशी भाजी निवडत बोलणाऱ्या आजींचेही तेच. त्यातून ऐकू कमी येत असेल तर प्रश्नच मिटला. घरचे बोलणे आटोपते घेतात आणि ‘आई हल्ली विसरते’ असे म्हणू लागतात. श्रवणयंत्र बसवल्यावर काही आजी पुन्हा भांडू लागल्याचे आमच्या परिचारिका आनंदाने सांगतात.

यात एक बारकावा रुग्णांच्या नातलगांनी अवश्य लक्षात ठेवावा. विसरणे तीन तऱ्हांचे असू शकते. स्मृतिभ्रंश हळूहळू, महिने-वर्षे घेत येतो. नैराश्यातील माणूस विसरल्यासारखा वाटतो, पण उपचाराने पुष्कळदा सुधारतो. तिसरा प्रकार संभ्रमावस्थेचा. काल ठीक असलेले आजोबा आज रात्री अचानक भिंतीशी बोलू लागतात, माणसे ओळखत नाहीत. याला ‘वेड लागले’ म्हणून घरी बसवून ठेवू नये. हे लघवीतील संसर्गामुळे, रक्तातील सोडियम घटल्यामुळे, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर, नव्या औषधाने होऊ शकते, आणि ते तातडीचे आजारपण आहे. आपल्या भागात याचे एक कारण मला फार बोचते. सार्वजनिक शौचालय दूर, रात्री अंधार, जिना निसरडा. म्हणून म्हाताऱ्या बायका संध्याकाळनंतर पाणी पिणेच सोडतात. त्यातून संसर्ग, संसर्गातून भ्रम. मनाच्या विकाराचे मूळ कधी कधी नगरपालिकेच्या दिव्यात असते ते असे.

झोपेच्या गोळ्यांबद्दल एकच वाक्य. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे आणलेली गोळी म्हातारपणी झोपेपेक्षा पडण्याला अधिक कारण ठरते. ती अचानक बंद करू नये, डॉक्टरांना दाखवून कमी करावी.

उपाय काय, असे विचारल्यास मी आपणांस गोव्याकडे नेईन. तेथे गोवा मेडिकल कॉलेजचे डॉ. अमित डायस आणि ‘संगात’ या संस्थेशी निगडित डॉ. विक्रम पटेल आदी मंडळींनी ग्रामीण व शहरी अशा दोन्ही भागांत एक प्रयोग केला; त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. साठीपुढील १८१ व्यक्ती निवडल्या. त्यांना नैराश्याची सौम्य लक्षणे होती, पण पूर्ण आजार जडला नव्हता. त्यांतील ९१ जणांकडे प्रशिक्षण दिलेले समुपदेशक गेले. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मनोविकारतज्ज्ञही नव्हेत. अडचण सुटी करून तिच्यावर मार्ग कसा काढावा, झोपेची घडी कशी बसवावी, मधुमेहासारखे आजार कसे सांभाळावेत, एवढेच ते शिकवीत. आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवण्यास मदत करीत. हा शेवटचा भाग मला विशेष भावला. वर्षभरात या गटातील ४.४ टक्के लोकांना नैराश्याचा आजार झाला. ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली त्या गटात हे प्रमाण १४.४ टक्के होते. झिंबाब्वेत तर २००६ पासून डॉ. डिक्सन चिबांडा यांनी आजीबाईंनाच प्रशिक्षण देऊन दवाखान्याच्या आवारातील बाकावर समुपदेशनाला बसवले आहे. म्हणजे वृद्ध हे केवळ सेवा घेणारेच असतात, हे गृहीतकही तपासून पाहण्यासारखे आहे.

‘मग स्वयंसेवकांकडून फुकट का करून घेत नाही?’ असे आमच्या एका हितचिंतकांनी विचारले. ऐकणे हे कौशल्य आहे. ते शिकावे लागते, आणि शिकलेल्यावरही मानसोपचारतज्ज्ञांची देखरेख लागते. ‘आता जगण्याचा कंटाळा आला’ हे वाक्य केव्हा सवयीचे आणि केव्हा धोक्याचे, हे ओळखणे हौशी माणसाचे काम नव्हे. घरच्यांनी तर ते नेहमी धोक्याचेच समजावे. रात्री-अपरात्री ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ आहे.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे पैशाकडे येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून धर्मादाय रुग्णालयांसाठी जी योजना लागू झाली, तीनुसार १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखल्या जातात आणि इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. योजना उत्तमच आहे. पण तिची मुख्य मोजणी खाटांची आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘आयुष्मान भारत’चे छत्र सत्तरीपुढील सर्वांवर धरले गेले, तेही मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी. वृद्धाशी पाऊण तास बोलण्याला खाट लागत नाही, म्हणून त्याला हिशेबात घरही नाही.

देणगीदारांकडून आम्हांला यंत्रे मिळाली, त्याबद्दल संस्था सदैव ऋणी आहे. यंत्रावर पाटी लावता येते. समुपदेशकाच्या पगारावर कोठे पाटी लावणार? ही अडचण मी थट्टेने सांगत नाही. प्रियजनांच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीची खूण दिसावी, ही भावना योग्यच आहे. म्हणून विश्वस्त मंडळापुढे मी असा प्रस्ताव ठेवला आहे की, आठवड्यातून दोन दुपारी, बाह्यरुग्ण विभाग रिकामा असतो त्या वेळी, ‘ज्येष्ठ कक्ष’ चालवावा. दोन प्रशिक्षित समुपदेशक, पंधरवड्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञ, एक श्रवण तपासणी, आणि ज्यांना जिना उतरवत नाही त्यांच्यासाठी गृहभेट. वृद्धाला सांभाळणारी पत्नी, सून किंवा मुलगी हिलाही त्याच दिवशी वेगळी बसण्याची सोय असावी, कारण ती बहुधा रुग्णाइतकीच थकलेली असते. त्यासाठी स्वतंत्र खाते उघडावे, त्याचा ताळेबंद वेगळा छापावा, आणि देणगी ‘एका समुपदेशकाचे एक वर्ष’ या नावाने स्वीकारावी. ज्यांच्या स्मरणार्थ ती दिली जाईल, त्यांचे नाव कक्षाच्या दारावर त्या वर्षापुरते राहील.

मंडळाने दोन वर्षांच्या निधीची हमी मिळाल्यासच कक्ष सुरू करावा, अशी अट घातली आहे, आणि ती मला रास्त वाटते. सुरू करून सहा महिन्यांत बंद करणे हे वृद्धांच्या बाबतीत मुळीच न सुरू करण्यापेक्षा वाईट. आजपर्यंत एका वर्षाची तजवीज झाली आहे. दुसऱ्या वर्षासाठीचे अर्ज बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत, पावती लगेच दिली जाईल. चहाची व्यवस्थाही त्याच बाजूला आहे.