व्हायकिंगांचीं वस्त्रें आणि भूषणें

व्हायकिंग हें नांव कानीं पडतांच श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें शिंगांचें शिरस्त्राण घातलेला एखादा दांडगेश्वर उभा राहतो. परंतु हीं शिंगें रंगभूमीनें दिलेलीं आहेत. १८७६ सालीं जर्मनींत बायरॉइट येथें वाग्नरच्या संगीतनाट्यांचे प्रयोग झाले. त्यांचे पोशाख आंखणाऱ्या डोप्लर नांवाच्या चित्रकारानें कांहीं पात्रांच्या मस्तकीं शिंगें चढविलीं आणि तेंच चित्र लोकांच्या मनांत ठसलें. १९४३ सालीं नॉर्वेंत ग्येर्मुंडबू येथें दहाव्या शतकांतील खरें लोखंडी शिरस्त्राण सांपडलें. त्याला शिंगें नाहींत.

आठव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकापर्यंत डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडन या थंड देशांत लोंकर आणि अळशीच्या धाग्याचें कापड, हींच मुख्य वस्त्रें होतीं. पुरुष अंगरखा व विजार घालीत. वरच्या शालीला बहुधा उजव्या खांद्यावर टांचणी लावीत. त्यामुळें तलवारीचा हात मोकळा राही. स्त्रिया आंतील झग्यावर लोंकरीचा बिनबाह्यांचा झगा घालीत. त्याचे पट्टे छातीवर दोन चापांनीं अडकविलेले असत. हे चाप कांशाचे, कासवाच्या पाठीसारखे फुगीर व नक्षीदार असत. दोहोंमध्यें कांचेच्या व स्फटिकाच्या मण्यांच्या माळा शोभत. चापांना कात्री, सुईदाणी, क्वचित् किल्लीही लोंबत असे.

दागिना ही तेथें शोभा होती, तशीच पुंजीही होती. व्यापारांतून आलेलीं अरबी चांदीचीं नाणीं आटवून त्यांचीं कडीं घडवीत आणि सौदा करतांना त्याच कड्याचा तुकडा तोडून तराजूंत टाकीत. १८४० सालीं इंग्लंडांत रिबल नदीच्या कांठीं जो निधि सांपडला, त्यांत नाणीं, कडीं, लगडी व असे तुकडे मिळून ८,६०० च्या आसपास वस्तु होत्या. वजन सुमारें ४० किलो. धर्महि अंगावरच दिसे. डेन्मार्कमध्यें सांपडलेल्या एकाच दगडी सांच्यांत थोर देवाचा हातोडा आणि ख्रिस्ताचा क्रूस, दोन्ही ओततां येतात. सोनाराला दोन्ही गिऱ्हाइकें सांभाळावयाचीं होतीं, असेंच त्यावरून दिसतें.

आतां प्रश्न असा, कीं मातींत कुजणाऱ्या कापडाची ही माहिती मिळाली कोठून? स्वीडनमधील बिर्का या प्राचीन बाजारपेठेंत १८७१ पासून स्टोल्पे यांनीं सुमारें १,१०० थडगीं उकरलीं. कांशावर जो कळंक चढला होता, त्यानें त्याला चिकटलेलें बोटभर कापड कुजूं दिलें नाहीं. आग्नेस गायर या विदुषीनें त्या चिंध्यांचें विणकाम तपासून १९३८ सालीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत पूर्वेकडून आलेलें रेशीमहि निघालें.

मात्र जिच्या अंगावर धातूचा एकहि डाग नव्हता, त्या गरीब बाईचें लुगडेंलत्तें तिच्याबरोबरच मातींत गेलें. जें कळलें, तें दागिन्याला बिलगून राहिलेल्या वस्त्राबद्दल कळलें. म्हणूनच असा चाप जमिनींतून वर आला, कीं आजचे संशोधक तो घांसून लख्ख करण्याची घाई करीत नाहींत. आधीं त्याच्या पाठीमागच्या कळंकांत धागा शोधतात.