साखळीचा विमा आणि घरचा पोरगा

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या खरेदीवर बोलणारे आज पुष्कळ आहेत. आमच्याकडे वेगळा विषय आला आहे आणि तो तुम्हीच आणला आहे. गावोगावच्या बैठकांत एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडून ऐकू आला. पोरगा म्हणतो, विम्याचे काम धरतो. नुसते एजंटाचे नाही. आपल्याखाली माणसे जोडायची, त्यांनी पुढे जोडायची, आणि सगळ्यांच्या कमिशनातला हिस्सा वर आपल्याकडे यायचा. सुरुवातीला स्वतःच्या नावाची एक पॉलिसी काढावी लागते, वर्षाला बारा हजारांची. द्यावे का पैसे?

'देऊ नका' एवढे सांगून आम्हाला खाली बसता आले असते. पण पोरगा शिकलेला आहे. डी. एड. करून बसला आहे, भरतीची वाट पाहून वय चालले आहे. पाच एकर कोरडवाहूत थोरला भाऊ आणि बाप आधीच राबतात, तिथे तिसऱ्याला काम नाही, आणि असले तरी दाम नाही. तुम्ही 'नको' म्हणालात की तो विचारणारच, मग करू काय? त्याला उत्तर द्यायचे तर हिशेब मांडून द्यावे लागेल.

आमच्यातले दोघे जण मुद्दाम एका मीटिंगला जाऊन आले. तालुक्याच्या गावी मंगल कार्यालयाचा हॉल, भर उन्हाळ्यात टाय लावलेली पोरे. दीड तास भाषणे झाली. त्यात गाडी आली, बंगला आला, आईबापांना विमानातून नेणे आले. पॉलिसी कोणती, हप्ता किती वर्षे, मेल्यावर घरच्यांना किती मिळणार, यावर एकूण पाच मिनिटेही कोणी बोलले नाही. आम्ही उठून विचारले तर उत्तर मिळाले, 'काका, ते नंतर कळते, आधी मोठा विचार करायला शिका.' विमा विकणाऱ्याला विम्यावर बोलायला वेळ नाही, तर मग तिथे विकायला काय ठेवले होते?

फळ्यावर गणित मांडले होते. तुम्ही सहा जण जोडा, ते सहा सहा जोडतील. आम्ही ते गणित घरी येऊन पुढे नेले. सहा, छत्तीस, दोनशे सोळा, बाराशे शहाण्णव... आठव्या पायरीला सोळा लाख ऐंशी हजार होतात. नवव्या पायरीला एक कोटीच्या वर. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची सारी लोकसंख्या, पाळण्यातली लेकरे धरून, २७ लाख ७२ हजार होती. म्हणजे नववी पायरी भरायला तसे चार जिल्हे रिकामे करावे लागतील. फळ्यावर पाचवी पायरी झाली की खडू खाली ठेवतात, ते यासाठी.

हा धंदा अमेरिकेतून आला आहे. तिकडे तो कायद्याने चालतो, म्हणून तिकडचे आकडे पाहणे बरे. १९७७ साली आर्ट विल्यम्स नावाच्या, फुटबॉल शिकवणाऱ्या मास्तराने जॉर्जिया राज्यात स्वतःच्या नावाची कंपनी काढली. आज तिचे नाव प्रायमेरिका. त्याचे वडील गेले तेव्हा घराला विमा अपुरा पडला होता. बचतीची महाग पॉलिसी घेऊ नका, नुसत्या मृत्यूच्या जोखमीची स्वस्त पॉलिसी घ्या आणि उरलेला पैसा वेगळा गुंतवा, असे तो सांगे. विचार वाईट नव्हता. आमच्या मते आजही चांगला आहे. पण विकायची रीत माणसामागे माणूस जोडण्याची. ही कंपनी शेअर बाजारात आहे, त्यामुळे तिला दरवर्षी आपले आकडे छापावे लागतात. २०२३ साली तिच्याकडे साडेतीन लाखांहून जास्त माणसांनी नाव नोंदवले. त्या वर्षात नवे परवाने निघाले सुमारे ४९ हजार. वर्षअखेर परवाना असलेले विक्रेते १ लाख ४१ हजार होते, आणि आदल्या वर्षी ते १ लाख ३५ हजार होते. म्हणजे ४९ हजार नवे आले आणि वाढले फक्त सहा हजार. बाकी चाळीस हजारांवर माणूस एका वर्षात गळाला.

आपल्या भाषेत बोलायचे तर शंभर दाणे टोकले, चौदा उगवले, आणि मोडावर आलेले बहुतेक मर रोगाने गेले. प्रमाणित ज्वारीच्या पिशवीतले बी किमान ७५ टक्के उगवलेच पाहिजे असा नियम आहे. साठ टक्के उगवले तरी आपण कृषी अधिकाऱ्याच्या दारात पिशवी घेऊन उभे राहतो. चौदा टक्क्यांच्या बियाण्यावर आपला पोरगा पेरायचा का? आणि हे आकडे तिथले, जिथे हे उघडपणे, हिशेब ठेवून चालते.

आपल्याकडे तर ते चालूच शकत नाही. १९३८ च्या विमा कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि कलम ४२ अ आले. बहुस्तरीय साखळीच्या योजनेतून कोणाला पॉलिसी घ्यायला, नवी करायला किंवा चालू ठेवायला आमिष दाखवायचे नाही, असे ते कलम सांगते. विमा नियामक प्राधिकरण अशा साखळीविरुद्ध पोलिसांत तक्रार करू शकते. तेव्हा पोऱ्या म्हणाला की 'आमचे कायदेशीर आहे, सर्टिफिकेट आहे', तर सर्टिफिकेट कशाचे ते बघा. कंपनीच्या नोंदणीचा कागद पानपट्टीवाल्यालाही मिळतो. आणखी एक, 'पहिला हप्ता अर्धा मी भरतो' असे सांगणारा एजंट कलम ४१ मोडतो. दंड दहा लाखांपर्यंत आहे, आणि ती सूट घेणाऱ्यालाही मनाई आहे.

आता जे आमच्या डोळ्यांसमोर झाले ते सांगतो. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. असाच एक हुशार पोरगा. सहा जण जोडायचे म्हटल्यावर तो कोणाकडे जाणार? पहिला मामा, मग काका, मग बहिणीचा नवरा, मग मावशी. अनोळखी माणूस पहिल्या भेटीत बारा हजार काढत नाही. मावशी काढते. तिने दोन बकऱ्या विकून हप्ता भरला. तिला वाटले पोस्टात ठेवल्यासारखे आहे, लागले तर काढता येतील. दुसऱ्या वर्षी बोंडअळीने कापूस गेला, हप्ता गेला नाही, सवलतीचे तीस दिवस गेले, पॉलिसी बंद पडली. त्या काळी दोन-तीन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय एक पैसा परत मिळत नसे. ऑक्टोबर २०२४ पासून नव्या पॉलिसींना एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरला तर काही परत मिळायची सोय झाली आहे, पण ते भरल्यापेक्षा कमीच. मावशीचे गेले ते गेले. तिच्या हप्त्यातले कमिशन वरच्या चार पायऱ्यांनी कधीच खाल्ले होते. पोराच्या वाट्याला थोडे आले, आणि मावशीचा अबोला आला.

पोरगा लबाड नव्हता हे आम्ही छातीवर हात ठेवून सांगतो. त्याला जे सांगितले तेच त्याने मावशीला सांगितले. आपल्या भागात पतपेढी बुडते, पाऊस दगा देतो, तेव्हा माणूस तगतो तो सोयऱ्यांच्या जोरावर. लग्नाला उसने, बियाण्याला उसने, दवाखान्याला उसने. तीच ठेव ही साखळी पहिल्या सहा महिन्यांत मोडते, आणि वेड्यासारखी स्वस्तात मोडते.

(एक मात्र मान्य करू. त्या मीटिंगांनी पोराला चारचौघांत बोलायला शिकवले. आमच्या तालुका कमिटीत त्याच्याइतका नीट बोलणारा कोणी नाही.)

मग विम्याचे काम करूच नये का? असे आम्ही म्हणत नाही. सरळ एजंट होता येते. दहावी पास, अठरा पूर्ण, थोडे प्रशिक्षण, परीक्षा, आणि नेमणूक खुद्द विमा कंपनीची. कोणाच्या 'खाली' नाव लावायची गरज नाही. पण त्याचाही हिशेब कोरा पाहा. आयुर्विमा महामंडळात वर्षानुवर्षे चालत आलेला दर लांब मुदतीच्या पॉलिसीला पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ३५ टक्के, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात, पुढे पाच असा होता. अलीकडे पहिल्या वर्षाचा दर उतरला आहे. जुना चढा दर धरला तरी बारा हजारांच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी ४,२०० रुपये. महिन्याला दहा हजार सुटायचे तर वर्षाला एकोणतीस नव्या पॉलिसी हव्यात. पुढच्या वर्षी जुन्यांचे थोडे येईल, पण तेवढ्याच्या जवळपास पुन्हा नव्या लागतील. २०२५-२६ च्या लांब धाग्याच्या हमीभावाने, ८,११० रुपयांनी, बारा हजार म्हणजे दीड क्विंटल कापूस. आपल्या कोरडवाहू एकराला तीन-चार क्विंटल उतरतो. दरवर्षी अर्धा एकर कापूस वीस वर्षे विम्याला देणारी घरे तुमच्या गावात किती, हे पोराने आधी वहीत नावानिशी लिहावे. पंधरा नावे निघाली तर हे काम जोडधंदा म्हणून ठीक आहे, सायकलवर फिरून होईल. पूर्ण पोट त्यावर टाकू नये.

आणि विमा आपल्याला लागत नाही असेही कोणी समजू नये. कर्ता माणूस गेला की सावकार तेराव्यापर्यंतही थांबत नाही, हे या मांडवात सगळ्यांना ठाऊक आहे. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचे संरक्षण आहे, अठरा ते पन्नास वयापर्यंत नाव घालता येते, बँकेत किंवा पोस्टात. त्या हॉलमध्ये दीड तासात हिचे नाव कोणी घेतले नाही, कारण ४३६ रुपयांत चार पायऱ्यांना वाटायला काही उरत नाही. हिच्यातही एक मेख आहे. पैसे मेअखेर खात्यातून कापले जातात, आणि आपले खाते नेमके तेव्हाच बी-खतासाठी कोरडे झालेले असते. शिल्लक नसली की विमा तुटतो आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही. तेवढे पाचशे रुपये मे महिन्यात खात्यात अडकवून ठेवा, आणि बायकोला सांगून ठेवा की असा विमा आहे.

सभा संपल्यावर आम्ही मांडवाच्या डाव्या बाजूला बसणार आहोत. ज्यांच्या घरात अशी पॉलिसी नुकतीच आली आहे त्यांनी कागद घेऊन यावे. पॉलिसीचा कागद हाती पडल्यापासून तीस दिवस झाले नसतील तर ती कंपनीला परत करता येते, किरकोळ कापून पैसे मिळतात. अर्ज लिहून द्यायला आमच्याकडे माणूस आहे. पोरांनाही सोबत आणा. त्यांना कोणी रागावणार नाही.